‘मीच त्याला वर थांबवलं’ : बाईंना पत्रं

दिवाळी सरली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळ्यात धबधबे आणि निसरड्या वाटा असतात, आता तंबू. यंदा चार पत्रं निवडली आहेत. पहिलं मोठं आहे, त्यामुळे उत्तरही लांबलंय. जुन्नर तालुक्यातल्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तेव्हा मध्येच फळा-खडू आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बाई, नमस्कार. मी चाकणला एका कारखान्यात आहे, वय २६. गोष्ट २०२३ च्या नोव्हेंबरातली आहे. २६ तारखेला रविवारी त्रिपुरी पौर्णिमा आणि सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी. म्हणून आम्ही सात मित्रांनी रविवारची रात्र हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याजवळ तंबूत काढायची ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच. ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त गड मी केलेत, त्यामुळे माझं ऐकतात.

गडाच्या पायथ्याला पाचनई गावात चहा पिताना एक आजोबा म्हणाले, ‘‘वारं फिरलंय, आज वर ऱ्हाऊ नका.’’ आम्ही हसलो. फोनवर पावसाचा इशाराही आला होता, पण नोव्हेंबरात पडून पडून किती पडेल असं वाटलं. चारच्या सुमाराला आभाळ काळं व्हायला लागलं. तेव्हा माझा शाळेपासूनचा मित्र म्हणाला, ‘‘अजून उजेड आहे, खाली जाऊ.’’ मी सगळ्यांसमोर त्याला ‘फट्टू’ म्हणालो. सगळे हसले, तोही हसला आणि थांबला.

साडेसहानंतर विजा, मग वारा, मग गारा. तीनपैकी दोन तंबू फाटले. आम्ही सात जण एका तंबूत बसलो, खालून पाणी वाहत होतं. मित्राच्या अंगात जीन्स आणि सुती हुडी, दोन्ही चिंब. तो खूप कुडकुडत होता. दहाच्या आसपास त्याचं कुडकुडणं थांबलं, आम्हाला वाटलं बरं वाटतंय. एकाने आणलेली ब्रँडी त्याला झाकणभर दिली. मग तो तंबूची चेन उघडायला लागला, पण बोटं चालेनात. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘चल, स्टँड आलं, उतरू.’’ तेव्हा मी घाबरलो. देवळाजवळ झापात जेवण करून देणाऱ्या दादांकडे त्याला दोघांनी धरून नेलं. एरवी अर्ध्या तासाची वाट, सव्वा तास लागला. दादांनी त्याचे सगळे कपडे काढले, कोरडं करून घोंगडीत गुंडाळलं, गुळाचा चहा पाजला. सकाळी तो ठीक होता.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. आता तो कामापुरतं बोलतो. बाकीचे म्हणतात, निसर्गापुढे कुणाचं चालतं, तू कशाला मनाला लावून घेतोस. बाई, चूक माझी होती का? असेल तर नेमकी कुठे झाली? परत जायची इच्छा आहे, पण तंबू माळ्यावरून काढवत नाही.

चूक तुझी होती. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तू त्या एका वाक्याची वाट बघत वाचशील.

तुझे मित्र म्हणतात ते ‘निसर्गापुढे कुणाचं चालतं’ मला कधी पटलं नाही. पाऊस अचानक आला नव्हता. इशारा तुझ्या खिशात होता. त्याच दिवशी निफाडकडे द्राक्षबागा गारांनी झोडपल्या, पारनेरकडे कांदा गेला. शेजारच्या गुजरातेत वीज पडून वीसच्या वर माणसं मेली. त्या बागाईतदारालाही इशारा कळला होता, पण बाग काही उचलून घरात नेता येत नाही. निसर्गापुढे चाललं नाही ते त्याचं. तुम्हाला पाय होते.

आता नेमकी कुठे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चार वाजताच्या ओळीवर अडकले. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो. चारला निघाला असतात तर तंबू गुंडाळूनसुद्धा पाचनईच्या वाटेने अंधाराच्या तोंडाला गावात पोचला असतात, कोरडे. साडेसहाला तुमच्यापुढे चांगला पर्याय एकही उरला नव्हता. थांबावं तर तंबू फाटतोय, निघावं तर डोक्यावर विजा. त्यानंतर जे केलंत त्यातलं बरंचसं मी माफ करते, कारण तेव्हा कुणालाही सुचलं नसतं. दुपारी चारला मात्र सुचलं होतं. एकाला सुचलं होतं.

‘नोव्हेंबरात पडून पडून किती पडेल’ याचं उत्तर भूगोलाची बाई म्हणून देणं भाग आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेले वाऱ्यांचे भोवरे इराण-अफगाणिस्तान ओलांडून आपल्या उत्तरेत येतात, त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिमालयात बर्फ पडतो तो त्यांच्यामुळे. कधीकधी त्यांची शेपटी खाली महाराष्ट्रापर्यंत लोंबते, आणि त्याच वेळी अरबी समुद्रावरून ओल आत येत असेल तर वर थंडगार हवा आणि खाली दमट हवा अशी गाठ पडते. दमट हवा उसळी मारून वर जाते, थेंब गोठतात, गारा होतात. म्हणून हिवाळ्यातला अवकाळी श्रावणासारखा रिमझिमत नाही. गडगडाट, वारा, गारा, सगळं एकदमच येतं. आणि सह्याद्रीच्या कडेला येतं तेव्हा कोकणातून वर चढणारा वारा त्याला आणखी ढकलतो. कोकणकड्यावरून खाली टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याने परत वर येते हे तू ग्रुपला हौसेने दाखवलं असशील. त्याच वाऱ्यापुढे तू तीन तंबू मांडलेस.

त्यात उंची. गड १,४०० मीटरच्या घरात, जुन्नर गाव ७०० च्या आसपास. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे खाली सतरा असेल तर वर बारा-तेरा. बारा-तेरा अंशांत कोण मरतं, असं तुला वाटेल. कोरड्या माणसाला काही होत नाही, खरंच. ओल्याचा हिशोब निराळा. पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, आणि वर वारा असला की अंगाजवळची जरा तापलेली हवा टिकतच नाही.

१ डिसेंबर २०२१ ची रात्र आमच्याकडे कुणी विसरलं नसेल. असाच अवकाळी, दिवसभर आणि रात्रभर, बोचऱ्या वाऱ्यासह. धनगरांनी खतासाठी शेतात मेंढरं बसवली होती, आडोसा कुठला? सकाळी जुन्नर, आंबेगाव, शिरूर, तिकडे पारनेर-संगमनेर मिळून हजाराच्या वर मेंढ्या गारठून मेलेल्या. मी त्या सकाळी आमच्या मळ्याकडे गेले होते. वाटेतल्या शेतात एक म्हातारा मेंढरं एकेक करून पालथी-उताणी करत होता, कुणी जिवंत आहे का बघत. अंगभर लोकर घेऊन जन्मलेलं जनावर, तेही बर्फात नाही, साध्या पावसात. तुझ्या मित्राच्या अंगात सुती हुडी होती.

ती हुडी आणि जीन्स हा तुझ्या पत्रातला दुसरा अपराध आहे, आणि तो सातही जणांचा आहे. सुती कापड पाणी धरून ठेवतं. भिजलेली जीन्स घालून वाऱ्यात बसणं म्हणजे अंगाला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली बसणं. लोकर भिजली तरी थोडी ऊब राखते, हे दादांच्या घोंगडीने तुम्हाला दाखवलंच. पोरं हल्ली घालतात ते पॉलिस्टरचे खेळाचे टी-शर्टही सुतीपेक्षा बरे, निदान लवकर वाळतात.

आता मित्राला काय झालं ते. डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात, शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरतं तेव्हा. आधी माणूस कुडकुडतो. कुडकुडणं चांगलं असतं, स्नायू हलवून शरीर स्वतःच शेकोटी पेटवत असतं. मग बोटं ऐकत नाहीत, चेन उघडत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही. जीभ जड होते, पाय लटपटतात, भलतंच बोलतो. आणि मग कुडकुडणं थांबतं. अंग अजून गारच असताना कुडकुडणं थांबलं तर त्याचा अर्थ शेकोटीतली लाकडं संपली असा घ्यायचा. याच्याही पुढे गेलेली माणसं कधीकधी ‘गरम होतंय’ म्हणत कपडे काढायला लागतात. तुझा मित्र ‘स्टँड आलं’ म्हणाला तेव्हा त्या वाटेवर बराच पुढे गेला होता. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. पुढच्या वेळी दहा वाजता नव्हे, साडेसातला ओळखता यावं म्हणून लिहिते.

ब्रँडी. अरे, काय हे! दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, आणि आतली उरलीसुरली ऊब बाहेर येऊन वाऱ्यावर उडून जाते. झाकणभरच दिलीत हे नशीब. त्या दादांनी मात्र एकेक गोष्ट बरोबर केली. ओले कपडे काढले, अंग टिपून कोरडं केलं, खालून-वरून घोंगडी घातली, शुद्धीवर होता आणि गिळू शकत होता म्हणून गोड गरम चहा दिला. हातपाय जोरजोरात चोळले नाहीत, एकदम आगीला लावलं नाही. असा गारठलेला माणूस हळुवार हाताळायचा असतो आणि ऊब छाती, मान, काखा इथे द्यायची असते, हातापायांना नव्हे. दादांना हे कुठल्या शिबिरात शिकवलेलं नसणार. पावसात सापडलेलं कोकरू कसं वाचवायचं हे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. त्यांना परत भेटलास का? पत्रात नाही म्हणून विचारते.

तुमच्याकडून एक करता आलं असतं. सव्वा तास वाऱ्यातून चालवायच्या आधी तंबूतच त्याचे ओले कपडे उतरवून, कुणाच्या सॅकमध्ये कोरडं असेल ते घालून, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा. कोरडं काहीच नव्हतं हे मी गृहीत धरते. म्हणून सांगते, प्रत्येकाच्या सॅकच्या तळाशी एक जोड कपडे, मोजे आणि कानटोपी, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. ती पिशवी पावसात भिजताना उघडायची नाही. आडोशाला पोचल्यावरच उघडायची.

विजेचं थोडक्यात, कारण त्या रात्री तुम्ही तिच्यातून नुसत्या दैवाने सुटलात. तंबू विजेपासून काही म्हणजे काही वाचवत नाही. लखकन दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर आडोसा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. कड्याची धार, एकटं झाड, उंचवटा टाळायचा. आणि तुम्ही पाचनईने गेलात, पण खिरेश्वरकडून तोलार खिंडीने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथे खडकाच्या टप्प्याला लोखंडी कठडे आहेत. एरवी तेच आधार, विजेत त्यांना हात लावायचा नाही. गुहेत जायचं तर तोंडाशी बसून पाऊस बघायचा नाही, आत, भिंतीला न टेकता, सॅकवर पाय जवळ घेऊन बसायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडत असेल तर सांगतं. पण वर रेंज असेलच असं नाही, म्हणून ते पाचनईत चहा पिताना उघडायचं. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशाराही तिथेच बघायचा. आणि चहाच्या टपरीवरच्या आजोबांचं ऐकायचं. त्यांच्याकडे सत्तर हिवाळ्यांची नोंद आहे.

आता ज्यासाठी तू पत्र लिहिलंस ते. फार वर्षांपूर्वी, जानेवारीत, नववीच्या मुलींना घेऊन मी खिरेश्वरहून निघाले होते. तोलार खिंडीत ते वाघाचं शिल्प आहे ना, तिथे एक मुलगी बसली आणि म्हणाली, ‘‘बाई, मी पुढे येणार नाही.’’ पाय दुखत नव्हते, काही नव्हतं. म्हणाली, वारा बरोबर वाटत नाही. तिचे वडील मेंढपाळ. एका मुलीला खिंडीत एकटी सोडता येईना, म्हणून मी चाळीस मुलींना परत फिरवलं आणि रस्ताभर तिला बोलले. नाटकी म्हणाले, सगळ्यांची सहल बुडवलीस म्हणाले. आम्ही खिरेश्वरच्या नागेश्वराच्या देवळात पोचलो आणि अर्ध्या तासाने बोराएवढ्या गारा पडल्या. मी मुली मोजत होते. ती मुलगी खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती. मी तिला काही बोलले नाही. बाईने विद्यार्थिनीला ‘तुझं बरोबर होतं’ म्हणायचं, तेही सगळ्यांसमोर, हे तेव्हा मला जमलं नाही. नंतर ती दहावी होऊन गेली, लग्न होऊन गेली. तिचा पत्ता आज माझ्याकडे नाही.

तुझ्याकडे नंबर आहे. तुझ्या मित्राला पावसाचा राग नसावा, तंबूचाही नसावा. सगळ्यांसमोर हसून वर थांबायला लागलं, आणि नंतर सगळ्यांनी मिळून ते निसर्गाच्या नावावर टाकलं, हे त्याला खुपत असणार. तू त्याला फट्टू पाच जणांसमोर म्हणालास. आता तू चुकलास हेही त्यांच्यासमोर म्हण, मेसेजवर नको. मग तो काय म्हणेल ते माझ्या हातात नाही.

आणि तंबू माळ्यावरून काढ. पहिल्यांदा घराच्या गच्चीवर लाव आणि वरून बादलीभर पाणी ओत, कुठे गळतो ते बघ. गडावर लावशील तेव्हा कड्यापासून लांब, खडकाच्या किंवा झाडीच्या आडोशाला, आणि पाणी वाहून गेल्याची खूण असलेल्या खोलगट जागेत नको. कातळात खुंट्या शिरत नाहीत, दगड बांधावे लागतात, त्याला दोरी जास्त लागते. मुक्कामाला परवानगी आहे का, ते आधी वनखात्याकडे विचार, गड अभयारण्यात येतो. आणि निघण्याआधी एक गोष्ट सातही जणांनी मोठ्याने कबूल करायची. कुणीही एकाने ‘परत’ म्हटलं की परत. कारण विचारायचं नाही, वाटेत चेष्टा करायची नाही.

बाई, हा प्रश्न डोंगरातला नाही, चालेल का? मुलगी, जावई आणि पाच वर्षांची नात मागच्या जानेवारीत एका धरणाकाठी तंबूत राहिले. रात्री गार वारा सुटला म्हणून मांस भाजायची कोळशाची शेगडी, विझत आली होती ती, तंबूच्या आत ओढून घेतली. सकाळी दोघांची डोकी ठणकत होती, नातीला उलटी झाली. थंडी बाधली म्हणाले. यंदा परत जायचं म्हणतात. स्वेटर कोणता देऊ? – एक आजी, नाशिक

आजी, स्वेटर राहू द्या, आधी त्यांना फोन करा. ती थंडी नव्हती. विझत आलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो, माणूस आधी डोकं धरतो, मग मळमळतं, मग झोप लागते आणि त्या झोपेतून जाग येत नाही. लहान मुलांना आधी लागतं. तुमच्या नातीला उलटी झाली हे कदाचित त्यांचं दैव, नाहीतर ते तिघं उठलेच नसते.

२०२० च्या जानेवारीत नेपाळमधल्या दामन गावी केरळचे आठ पर्यटक एका खोलीत गेले, त्यात चार मुलं होती. थंडी फार म्हणून गॅसचा हीटर लावून दारं-खिडक्या बंद केल्या होत्या. ती तर पक्क्या भिंतींची खोली. तंबू कापडाचा असला तरी बंद केला की तेवढाच घातक.

तंबूत शेगडी नाही, स्टोव्ह नाही, गॅसची चूल नाही, ‘दोन मिनिटं हात शेकायला’ पण नाही. चेन थोडी उघडी ठेवली तरी नाही. ऊब हवी तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पांघरुणात घ्यायची. तुम्ही आजीच आहात, पायाशी गरम पाण्याची पिशवी हे तुम्हाला मी काय सांगणार.

मी ५८ वर्षांचा, नुकताच निवृत्त. उत्तराखंडात केदारकंठाला डिसेंबरात गेलो होतो. सांकरीहून निघून दुसऱ्या मुक्कामापर्यंत पोचलो आणि रात्री जोराचा बर्फ पडला. गाइडने शिखर रद्द करून सगळ्यांना खाली आणलं. आयोजक पैसे परत द्यायला तयार नाहीत. मला वाटतं गाइड उगाच घाबरला, सकाळी ऊन पडलं होतं. काय करावं? – एक वाचक, डोंबिवली

पैशांचं आधी. पैसे भरताना सही केलेला कागद काढा, त्यात हवामानामुळे ट्रेक आटोपता घेतल्यास काय, हे लिहिलेलं असतं. लिहिल्याप्रमाणे वागले नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. लिहिलंच असेल की परतावा नाही, तर आशा कमी ठेवा.

गाइडचं मात्र मला पटत नाही. केदारकंठा ३,८०० मीटर उंच. रात्रभर नवा बर्फ पडल्यावर सकाळचं ऊन छान दिसतं आणि वाट कुठे आहे तेच कळत नाही. २०२४ च्या जूनमध्ये, हिवाळाही नव्हता, उत्तराखंडातच सहस्रतालच्या वाटेवर २२ जण, बहुतेक कर्नाटकातले, हिमवादळात सापडले आणि त्यांतले नऊ गारठून गेले. तुमचा गाइड स्थानिक पोरगा असेल. शिखर करून आणलं असतं तर तुम्ही त्याला बक्षिसी दिली असती, खाली आणलं म्हणून तक्रार करताय. तुम्ही त्याला पैसे दिलेत ते मुख्यतः याच कामाचे. आयोजकाशी भांडा, हवं तर कडाडून भांडा, पण तक्रारीत त्याचं नाव घालू नका. त्याची पुढची कामं जातील, आणि पुढच्या वेळी तो डोंबिवलीच्या माणसाला घेऊन वर जाईल.

झोपण्याच्या पिशवीवर तीन आकडे लिहिलेत: ८, ३ आणि उणे ११. म्हणजे उणे ११ पर्यंत चालेल ना? की आजोबांची घोंगडीच नेऊ? – एक विद्यार्थी, सातारा

उणे ११ वर झोप येत नाही, कसाबसा जीव राहतो. त्या आकड्याकडे बघूच नकोस. पहिला आकडा आरामात झोपण्याचा, आणि तो बायकांच्या हिशोबाने धरलेला असतो, आपल्याला थंडी जास्त वाजते हे निदान कुणीतरी मान्य केलं. दुसरा अंग मुडपून झोपणाऱ्या पुरुषाचा. तू पहिलाच धर. आणि हे सगळे आकडे खाली चांगली चटई आहे असं समजून काढलेले असतात. जमीन वरच्या हवेपेक्षा जास्त ऊब खेचते, म्हणून पैसे कमी असतील तर पिशवी साधी घे आणि चटई जाड घे.

घोंगडी नक्की ने. दोन-अडीच किलो ओझं होईल, भिजली तर आणखी. टोचते म्हणून पोरं नेत नाहीत, त्यावर उपाय आहे, आतून जुन्या साडीचं अस्तर शिवून घे. माझ्या घोंगडीला आईच्या नऊवारीचं आहे, आणि ती अजून एकदाही उसवलेली नाही.